दूरच्या युद्धाने देशाचे जागतिक स्थान बदलले का, हे कसे तपासावे

हजारो किलोमीटरवर युद्ध पेटले की थोड्याच दिवसांत त्या युद्धाशी थेट संबंध नसलेल्या देशांतील अग्रलेखांत आणि भाषणांत एक विधान हमखास ऐकू येते : या युद्धामुळे आपल्या देशाचे जगातील स्थान बदलले आहे. हे विधान कधी खरे ठरते, कधी निव्वळ आत्मगौरव असतो. पण ते तपासायचे कसे, हे फारसे कोणी सांगत नाही. इतिहासाचा विद्यार्थी, परराष्ट्र धोरणावर लिहिणारा पत्रकार किंवा केवळ जिज्ञासू वाचक, कोणालाही एक देश आणि एक युद्ध निवडून ही तपासणी करता येईल, अशा बेताने पुढची मांडणी केली आहे.

प्रथम ‘स्थान’ या शब्दाचा उपयोगी अर्थ ठरवून घ्यावा. शिखर परिषदांतील छायाचित्रे, पाहुण्यांची वर्दळ आणि गौरवपर निवेदने बाजूला ठेवावीत. जी कामे इतर देशांना या देशावाचून करता येत नाहीत, किंवा करायची झाल्यास फार महाग पडतात, त्या कामांवरून त्याचे स्थान ठरते. कर्ज देणे, कच्चा माल पुरवणे, एखादा जलमार्ग उघडा किंवा बंद ठेवणे, सैन्य पाठवणे, एकमेकांशी न बोलणाऱ्या शत्रूंमध्ये मध्यस्थी करणे ही अशी कामे आहेत. दूरचे युद्ध कोणाला स्थान बहाल करत नाही, असे माझे मत आहे. ते आधी काम करणाऱ्या कोणाची तरी जागा रिकामी करते. ती जागा तात्पुरती भरून काढणारे देश पुष्कळ असतात. युद्ध चालू असतानाच ती कायद्याने, कराराने किंवा संस्थेने बांधून घेणारे मोजकेच. तपासणीचा रोख या दुसऱ्या गोष्टीवर ठेवावा.

युद्धापूर्वीची नोंद आधी करावी

युद्धानंतरच्या वैभवावरून मागे पाहिले की सगळे अटळ वाटू लागते. म्हणून युद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी देश कुठे होता, हे एका पानात लिहून काढावे : तो कोणाचा ऋणको होता, कोणाचा धनको होता, त्याचा माल कोणाच्या जहाजांतून जात होता, कोणत्या संघटनेत त्याला जागा होती आणि कोणत्या संघटनेने त्याला नाकारले होते.

१९१४च्या उन्हाळ्यातील अमेरिका याचे चांगले उदाहरण आहे. उत्पादनात ती जगात पहिली होती, पण परदेशी भांडवलाच्या हिशेबात निव्वळ कर्जदार होती. तिच्या परदेशी व्यापारातील हुंड्या बहुतांश लंडनमध्ये पौंडांत वटत. देशाची मध्यवर्ती बँकव्यवस्था उभारणारा फेडरल रिझर्व्हचा कायदा डिसेंबर १९१३ मध्ये मंजूर झाला होता, मात्र त्या बँकांनी अद्याप दारे उघडलेली नव्हती. युरोपात युद्धाला तोंड फुटताच युरोपीय गुंतवणूकदार रोखे विकून सोने नेतील या भीतीने न्यूयॉर्कचा शेअर बाजार ३१ जुलै १९१४ रोजी बंद करावा लागला आणि तो चार महिन्यांहून अधिक काळ बंद राहिला. जगाची पुढची सावकारी ज्या शहराकडे जाणार होती, त्या शहराची युद्धाच्या पहिल्या आठवड्यातील ही अवस्था. ती नोंदवली नाही तर पुढचा बदल किती मोठा होता हेही कळत नाही आणि तो किती अनिश्चित होता हेही.

कोणाची जागा रिकामी झाली, ते शोधावे

पुढचा प्रश्न असा विचारावा : हे काम आधी कोण करत होते, आणि युद्धामुळे त्याला ते का जमेनासे झाले? उत्तर नावानिशी देता आले पाहिजे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड आशियात पोहोचेनासे झाले, कारण जहाजे युद्धाच्या कामी लागली होती आणि ब्रिटनचे मनुष्यबळ आघाडीवर होते. ती बाजारपेठ जपानी आणि भारतीय गिरण्यांकडे सरकली. जर्मनीची नाविक शक्ती पूर्व आशियातून हटताच जपानने नोव्हेंबर १९१४ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील जर्मन ताब्यातील छिंगताव बंदर घेतले आणि विषुववृत्ताच्या उत्तरेकडील जर्मन बेटेही ताब्यात घेतली.

कधी मात्र जागा रिकामी होण्याऐवजी कायमची नाहीशी होते, आणि हा प्रकार अभ्यासकांच्या नजरेतून सहज निसटतो. चिली पहिल्या महायुद्धात तटस्थ होता. अटाकामा वाळवंटातील नायट्रेट खतासाठीही लागे आणि स्फोटकांसाठीही, त्यामुळे दोस्त राष्ट्रांची मागणी वाढली आणि चिलीला आपले महत्त्व वाढल्यासारखे वाटले. पण त्याच वेळी ब्रिटिश नाकेबंदीने चिलीच्या नायट्रेटपासून तोडलेल्या जर्मनीने हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत झपाट्याने वाढवली. १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे सुरू झालेल्या कारखान्याच्या जोडीला १९१७ मध्ये लॉयना येथे दुसरा प्रचंड कारखाना उभा राहिला. युद्ध संपल्यावर हे तंत्र जगभर पसरले आणि ज्या मालावर चिलीचा सुमारे निम्मा सरकारी महसूल उभा होता, त्या मालाची मक्तेदारी मोडली. म्हणून आपल्या देशाचा माल घेणाऱ्यांच्या यादीबरोबर, तो मिळेनासा झाल्यामुळे पर्याय शोधू लागलेल्यांची यादीही करावी.

पैसा कुठून आला, त्यापेक्षा त्याचे काय झाले ते पाहावे

युद्धकाळात निर्यात वाढली एवढ्यावर समाधान मानणे, ही या विषयावरील लेखनातील सर्वांत सामान्य उणीव आहे. दोन देशांच्या खातेवह्या शेजारी ठेवल्या की फरक लक्षात येतो.

अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ दरम्यान, उत्तरेच्या नाविक नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस युरोपला मिळेनासा झाला. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस अचानक सोन्याच्या मोलाचा झाला. १८६३ मध्ये सत्तेवर आलेल्या इस्माईलने हा पैसा टिकणार असे धरून कालवे, रेल्वे, राजवाडे आणि सुएझ कालवा यांवर खर्च केला, आणि वाढत्या उत्पन्नाच्या भरवशावर युरोपीय बँकांकडून कर्जे उचलली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, कर्जे मात्र राहिली आणि वाढत गेली. १८७५ मध्ये सुएझ कंपनीतील इजिप्तच्या वाट्याचे समभाग ब्रिटनने सुमारे ४० लाख पौंडांना घेतले. १८७६ मध्ये देणी थकली आणि कर्जवसुलीवर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय मंडळ कैरोत येऊन बसले. १८७९ मध्ये इस्माईलला पायउतार व्हावे लागले. १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या. मिसिसिपीच्या खोऱ्यातील युद्धाने इजिप्तचे जागतिक स्थान बदलले हे खरेच, पण ते एका कापूसपुरवठादार सत्तेचे परकीय अंमलाखालील देशात झालेले रूपांतर होते. याच कापसाच्या तेजीने मुंबईत शेअरचा जुगार भडकला आणि १८६५ मध्ये तो कोसळला, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इजिप्तच्या बाबतीत फरक इतकाच की बुडाले ते राज्यच.

आता १९१४ नंतरची अमेरिका पाहू. जानेवारी १९१५ पासून जे. पी. मॉर्गन ही पेढी ब्रिटन आणि पुढे फ्रान्सची खरेदी-दलाल झाली. ऑक्टोबर १९१५ मध्ये या दोन देशांना न्यूयॉर्कमध्ये ५० कोटी डॉलरचे कर्ज उभारून मिळाले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यानंतर सरकारने दोस्तांना दिलेली कर्जे सुमारे १० अब्ज डॉलरपर्यंत गेली. पण माझ्या दृष्टीने यापेक्षा बोलकी नोंद एका शाखेची आहे. फेडरल रिझर्व्हच्या कायद्याने अमेरिकन राष्ट्रीय बँकांना प्रथमच परदेशात शाखा उघडण्याची मुभा दिली होती, आणि नॅशनल सिटी बँकेने नोव्हेंबर १९१४ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कचा बाजार अजून बंदच असताना, ब्वेनोस आयरेसमध्ये शाखा काढली. अर्जेंटिनाचा व्यापारी आजवर लंडनवर हुंडी काढत असे. आता त्याच्याच शहरात डॉलरमध्ये पत देणारा माणूस बसला. मॉर्गनचा व्यवहार युद्धाबरोबर संपणारा होता, शाखेचा तसा नव्हता. १९२०च्या दशकात व्यापारी पतपुरवठ्यात डॉलर पौंडाशी बरोबरी करू लागला, त्यामागे अशा शाखा आणि डॉलरमधील हुंड्यांची बाजारपेठ होती.

तेव्हा खातेवही तपासताना एक स्तंभ केवळ यासाठी राखावा : युद्धाच्या पैशातून अशी कोणती गोष्ट उभी राहिली, जी शांततेच्या काळातही चालेल?

सैनिक पाठवणाऱ्या देशांविषयी सावध असावे

दूरच्या युद्धात सैन्य पाठवणे हा स्थान विकत घेण्याचा सर्वांत थेट आणि सर्वांत महाग मार्ग. येथे राष्ट्रीय आख्यायिका लवकर तयार होतात, म्हणून पुरावा अधिक कसोशीने पाहावा.

तुर्कस्तानची कथा अशी सांगितली जाते : कोरियात तुर्की ब्रिगेड शौर्याने लढली, म्हणून देशाला नाटोत प्रवेश मिळाला. यातील घटना खऱ्या आहेत. १९५० मध्ये तुर्कस्तानला नाटोचे सदस्यत्व नाकारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुमारे पाच हजारांची ब्रिगेड कोरियात पोहोचली, नोव्हेंबरच्या अखेरीस कुनुरी येथे चिनी फौजांशी तिची भीषण लढाई झाली, संपूर्ण युद्धात सातशेहून अधिक तुर्की सैनिक मृत्यू पावले, आणि १८ फेब्रुवारी १९५२ रोजी तुर्कस्तान नाटोचा सदस्य झाला. ‘म्हणून’ हा शब्द मात्र तपासावा लागतो. त्यासाठी शेजारचे उदाहरण घ्यावे. ग्रीसने कोरियात जेमतेम एक बटालियन पाठवली होती आणि ग्रीसला त्याच दिवशी सदस्यत्व मिळाले. याचा अर्थ तुर्की सैनिकांचे बलिदान निष्फळ होते असा नाही. पण कोरियातील युद्धाने सोव्हिएत धोक्याचे गणित बदलले, पूर्व भूमध्य सागराची बाजू मोकळी ठेवणे वॉशिंग्टनला परवडेनासे झाले, आणि हे कारण दोन्ही देशांना सारखेच लागू होते, असा निष्कर्ष अधिक टिकाऊ वाटतो. असा जोडीचा देश शोधणे ही या सबंध तपासणीतील सर्वांत उपयुक्त युक्ती आहे. तो सापडला नाही तर निष्कर्षाची भाषा सौम्य ठेवावी.

दक्षिण कोरियाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे साखळी दुव्यानिशी दाखवता येते. १९६४ ते १९७३ या काळात व्हिएतनाममध्ये तीन लाखांहून अधिक कोरियन सैनिकांनी आळीपाळीने सेवा केली. बदल्यात अमेरिकेकडून शस्त्रे, मदत आणि कोरियन कंपन्यांसाठी कंत्राटे मिळाली. ह्युंदाईने १९६५ मध्ये थायलंडमधील पट्टानी-नराथिवात महामार्गाचे काम घेतले, जे तिचे पहिले परदेशी काम होते, आणि मग व्हिएतनाममध्ये कामे केली. परक्या मातीत, परक्या निकषांनुसार, मुदतीत काम पुरे करण्याची जी सवय लागली, ती घेऊन कोरियन कंत्राटदार तेलसंकटानंतर पश्चिम आशियात गेले. १९७६ मध्ये सौदी अरेबियातील जुबैल बंदराचे अवाढव्य काम ह्युंदाईला मिळाले. या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. सुमारे पाच हजार कोरियन सैनिक व्हिएतनाममध्ये मेले, आणि तेथील नागरिकांच्या हत्यांचा प्रश्न इतक्या वर्षांनी परत आला : फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलच्या न्यायालयाने फाँग नी गावातील हत्याकांडातून वाचलेल्या एका स्त्रीला भरपाई देण्याचा आदेश आपल्याच सरकारला दिला. सैनिक पाठवून मिळवलेल्या स्थानाची किंमत लिहिताना अशा देण्यांना जागा ठेवावी.

मध्यस्थाचे काम : कोणी बोलावले आणि पुढे काय उरले

मध्यस्थी करणाऱ्या देशाच्या स्थानाबद्दल अतिशयोक्ती फार होते, कारण मध्यस्थ नेहमी छायाचित्राच्या मधोमध असतो. तपासाचे दोन प्रश्न पुरतात. दोन्ही पक्षांना याच देशाची गरज का पडली? आणि काम संपल्यावर त्याच्याकडे कोणते अधिकार किंवा पुढची कोणती कामे राहिली?

कोरियातील भारत पाहावा. युद्धविरामाच्या वाटाघाटी युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडल्या होत्या, कारण हजारो कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. १९५३ मध्ये पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला, लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले आणि मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या नेतृत्वाखालील भारतीय दलाकडे सुमारे २२ हजार ६०० कैद्यांचा ताबा आला. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला, म्हणून त्यांना इंचॉनच्या किनाऱ्याजवळील जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट विसैन्यीकृत पट्ट्यात उतरवावे लागले. विश्वासू मध्यस्थ ही पदवी किती अपुरी असते, हे या एका तपशिलावरून कळते : ज्या देशाच्या हितासाठी युद्ध थांबवायचे, त्यालाच मध्यस्थ नको होता. कोरियावरील राजकीय परिषदेत भारताला जागा देण्यासही अमेरिकेने विरोध केला.

तरीही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भारताच्या बाजूने जाते. इंडोचायनातील युद्ध थांबवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारांनंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या तिन्ही ठिकाणच्या देखरेख आयोगांचे अध्यक्षपद भारताकडे आले, आणि १९५६ मध्ये सुएझ संकटानंतर संयुक्त राष्ट्रांनी उभारलेल्या पहिल्या सशस्त्र शांतिसेनेत भारतीय तुकड्या होत्या. एका युद्धातील काम दुसरीकडे मागितले गेले, तिसरीकडे ते नेहमीचे झाले. परिषदेतली खुर्ची हुकली, पण शांतिसेना पुरवणारा देश ही ओळख टिकली.

तुर्कस्तानने २०२२ मध्ये केलेली दोन कामे तर मुद्दाम तुलनेसाठी जुळवून आणल्यासारखी आहेत. रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केल्यानंतर काही दिवसांतच तुर्कस्तानने १९३६ च्या माँत्रो कराराचा आधार घेऊन काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या आपल्या बोस्फोरस आणि डार्डानेल्स या सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद केल्या. त्याच वर्षी २२ जुलैला इस्तंबूलमध्ये काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला. रशिया, युक्रेन, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रे यांचे निरीक्षक एकत्र जाऊन प्रत्येक जहाज तपासत, आणि वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य व खाद्यपदार्थ बाहेर गेले. जगाचे लक्ष दुसऱ्या कामावर होते. पण १७ जुलै २०२३ रोजी रशिया बाहेर पडला, करार संपला, आणि युक्रेनने किनाऱ्यालगतचा स्वतःचा मार्ग सुरू केला. धान्य कराराचा आधार दोन्ही शत्रूंची मर्जी हा होता. सामुद्रधुनीचा आधार भूगोल आणि ऐंशीहून अधिक वर्षांचा करार हा होता, म्हणून तो अधिकार कोणी बाहेर पडल्याने जाण्यासारखा नव्हता.

देशाला ते स्थान हवे होते का?

क्षमता आली म्हणजे भूमिका आली, असे धरू नये. अमेरिका १९१९ मध्ये जगाची सावकार होती, तिचे अध्यक्ष पॅरिसमध्ये शांततेच्या अटी लिहीत होते, आणि तिच्याच सिनेटने व्हर्सायचा तह नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये फेटाळला. जपानला उलट अनुभव आला : राष्ट्रसंघाच्या मंडळावर कायम जागा मिळाली, पण वांशिक समानतेचे त्याने सुचवलेले कलम पॅरिसमध्ये स्वीकारले गेले नाही. म्हणून संसदेतील मतदान, अर्थसंकल्पातील तरतूद आणि युद्धानंतरच्या पहिल्या निवडणुकीतील वाद हे साहित्य परराष्ट्र खात्याच्या कागदपत्रांइतकेच काळजीपूर्वक वाचावे.

चालू युद्धाबद्दल लिहायचे असेल तर

युद्ध संपलेले नसताना निष्कर्षावर तारीख घालावी आणि तो कशाने खोटा ठरेल हेही सोबत लिहावे. संयुक्त राष्ट्रांतील मतदानाला फार वजन देऊ नये. युक्रेनवरील रशियन आक्रमणाचा निषेध करणाऱ्या २ मार्च २०२२ च्या ठरावावर तटस्थ राहिलेल्या ३५ देशांची कारणे एकमेकांहून इतकी वेगळी होती की त्यांना एक गट मानणेच चुकीचे आहे. त्याऐवजी न बदलता येणारे निर्णय पाहावेत. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत गेले, हा पिढ्यान्पिढ्यांचा बदल आहे.

भारताच्या रशियन तेलखरेदीसारखे प्रकरण मतदान आणि न बदलता येणारे निर्णय या दोहोंच्या मधले आहे. युद्धापूर्वी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाहून वर गेला, आणि भारतीय शुद्धीकरण कारखान्यांचे डिझेल युरोपातही पोहोचले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच कारणावरून भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातशुल्क लावले, म्हणजे या व्यवहाराला राजकीय किंमतही आली. एवढ्यावरून भारत जगाच्या तेलबाजारातील मोठा मध्यस्थ झाला असे लिहिण्याआधी काही खुणा आधीच ठरवून कागदावर मांडाव्यात : रशियन तेलाच्या किमतीत मिळणारी सवलत आटल्यावर खरेदी किती उरते, रुपया-रूबल किंवा अन्य चलनांत पैसे चुकते करण्याची व्यवस्था तेलाव्यतिरिक्त इतर मालासाठी वापरली जाते का, आणि जहाजांचा विमा उतरवण्याचे काम लंडनबाहेर कायमचे सरकते का. या खुणांवर दरवर्षी एकदा आकडे भरावेत, आणि पहिल्या वर्षी लिहिलेले वाक्य खोडायची वेळ आली तर ते खोडून त्यापुढे नवी तारीख घालावी.